रद्द झालेली विमानं आणि कामगाराची झोप

डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कंपनीची विमानं देशभर जागच्या जागी थांबली. 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत 2,507 उड्डाणं रद्द झाली, 1,852 उशिरा सुटली आणि तीन लाखांवर प्रवासी अडकले. हे आकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे आहेत. डिसेंबर हा कॉलेजच्या पोरापोरींचा फिरण्याचा महिना. वर्षभर पैसे साठवायचे, स्वस्तातलं तिकीट महिनाभर आधी काढायचं, पाठीवर सॅक टाकायची आणि निघायचं. अशा सहलीत एक उड्डाण रद्द झालं की पुढची रेल्वे, मुक्काम, परतीचं तिकीट सगळंच कोसळतं.

या घटनेवर आपल्या तरुणांमध्ये दोन मतं ऐकायला मिळाली. पहिलं : "विमानाचं दुःख विमानवाल्यांले. आपल्या पोरायले एसटी भेटत नाही, त्याचं काय?" दुसरं : "पायलटांचे लाड वाढवले, म्हणून विमानं बंद पडली." पहिलं मत अर्धवट आहे, दुसरं घातक आहे.

पहिल्या मतातला संताप रास्त आहे. आपल्या हिवरखेडचंच घ्या. अकोला-खंडवा मीटरगेजवर गावाचं स्टेशन होतं. रुंदीकरणासाठी 2017 मध्ये ती गाडी बंद झाली. पुढे अकोला ते अकोट नवीन रुळावर गाडी सुरू झाली. अकोटच्या पुढचं काम मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा प्रश्न आणि मग बदललेला मार्ग यात वर्षानुवर्षं रेंगाळलं. विमानं तीन दिवस थांबली तर संसदेपर्यंत आवाज गेला. इथली गाडी इतकी वर्षं रद्द राहिली, त्याबद्दल कुणाच्या मोबाईलवर माफीचा मेसेज आला नाही.

पण यावरून "फिरणं आपलं काम नाही" असा निष्कर्ष काढाल तर फसाल. जातिव्यवस्थेनं आपल्या माणसांच्या पायांवरच पहारा बसवला होता. कोणत्या रस्त्यानं जायचं, कुठं पाणी प्यायचं, कुठं मुक्काम करायचा, हे जात ठरवत होती. म्हणून संविधानाच्या कलम 19 मधला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क आपल्यासाठी कागदावरची ओळ नाही. खुद्द बाबासाहेबांचा विद्यार्थीदशेतला प्रवास आठवा. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. वेगळ्या बोटीनं येणारी त्यांची पुस्तकं महायुद्धात बोटीबरोबर समुद्रात बुडाली. सामानाची जी भरपाई मिळाली, ती बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या खर्चाला कामी आली. आणि बडोद्यात काय झालं? पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलून देण्यात आलं. बोट बुडाली, त्याची भरपाई मिळू शकली. जातीनं दार बंद केलं, त्याची भरपाई कोणत्याच कंपनीकडं नव्हती.

आज आपली पहिली शिकलेली पिढी पुण्या-बंगळुरूत काम करते, परदेश शिष्यवृत्तीवर शिकायला जाते. विमान तिच्यासाठी परकं राहिलेलं नाही. परकी आहे ती दुसऱ्या तिकिटाची ऐपत. उड्डाणं रद्द होताच उरलेल्या तिकिटांचे दर गगनाला भिडले, तेव्हा 6 डिसेंबरला सरकारनं कमाल भाडं ठरवून दिलं : 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. आता स्वाधार योजनेकडं बघा. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 60,000 रुपये, म्हणजे महिन्याला 5,000. सरकारनं 'आवरलेलं' सर्वात कमी अंतराचं भाडंसुद्धा त्याच्या दीड महिन्याच्या खर्चाएवढं आहे! ज्याच्या बापाकडं क्रेडिट कार्ड आहे त्याची सहल एक दिवस लांबते. ज्याच्याकडं नाही त्याची सहल संपते. संकट सगळ्यांवर सारखं येतं, ही समाजशास्त्रातली सर्वात मोठी थाप आहे.

आता दुसरं मत. खरा डाव इथंच आहे.

पायलटांच्या कामाच्या तासांचे नवे नियम डीजीसीएनं जानेवारी 2024 मध्ये जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास. रात्रीच्या वेळेतली विमान उतरवण्याची मर्यादा सहावरून दोन. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी 1 जुलै व 1 नोव्हेंबर 2025 अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे कंपनीला तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी वाहून नेणाऱ्या कंपनीला पायलट किती लागतील याचा हिशेब करता येत नव्हता, हे कोण मानेल? डीजीसीएच्या चौकशीतही नियोजनातली ओढाताण आणि अपुरी तयारी हीच कारणं निघाली.

मग सरकारनं काय केलं? 5 डिसेंबरलाच रजा साप्ताहिक विश्रांतीत धरता येणार नाही ही अट मागे घेतली. रात्रपाळीच्या काही नियमांतून इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. नंतर जानेवारीत कंपनीला 22 कोटी 20 लाखांचा दंडही झाला. पण क्रम लक्षात घ्या. गैरसोय कंपनीनं केली आणि सर्वात आधी कात्री लागली ती कामगाराच्या झोपेला. एकच कंपनी एवढी मोठी झाली की तिच्या चुकीनं देश थांबतो, आणि देश थांबला की कायदाच वाकतो. मक्तेदारी म्हणजे दुसरं काय?

पायलटाचा पगार लाखांत असतो, तो कसला शोषित, असं कुणी म्हणेल. पगार मोठा असला तरी जागरणानं जड झालेले डोळे तेच असतात, आणि त्याच्या मागे दीडशे-दोनशे जीव बसलेले असतात. आज त्याची विश्रांती 'प्रवाशांच्या सोयीसाठी' काढून घेता आली, तर उद्या सफाई कामगाराची, एसटीच्या ड्रायव्हरची, डिलिव्हरी करणाऱ्या पोराची विश्रांती कोण वाचवणार?

हा विचार आपल्याला नवा नाही. ज्या 6 डिसेंबरला भाड्याची मर्यादा जाहीर झाली, त्याच दिवशी आपली लाखो माणसं पिशवीत भाकरी बांधून, उभ्यानं रेल्वेचा प्रवास करून चैत्यभूमीवर पोचली होती. वऱ्हाडातून दादरला जाणारी गाडी मनमाडवरून जाते. त्याच मनमाडला फेब्रुवारी 1938 मध्ये रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पुढे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातला कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 वर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि 1946 मध्ये ती मंजूर झाली. विश्रांती ही मालकाची मेहरबानी नाही, ती कायद्यानं मिळवायची गोष्ट आहे, हा तो वारसा. महापरिनिर्वाण दिनाच्या आठवड्यातच विश्रांतीचा नियम सैल व्हावा, हा योगायोग आपल्याला टोचायला हवा.

तेव्हा मित्रांनो, दोन कामं करा.

एक, हक्क माहीत करून घ्या. कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं एक निवडण्याचा अधिकार तुमचा आहे. "क्रेडिट शेल घ्या" म्हटलं म्हणून घ्यावंच लागत नाही. वेळेत कळवलं नसेल आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर उड्डाणाच्या वेळेनुसार कमाल 5,000 ते 10,000 रुपयांपर्यंत भरपाईचा नियम आहे. एजंटकडून तिकीट काढलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. तक्रार एअरसेवा पोर्टलवर करा, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर करा. मेसेज, बोर्डिंग पास, जेवणाची बिलं जपून ठेवा. एकट्यानं भांडू नका, सोबतच्यांची नावं घेऊन एकत्र तक्रार द्या.

दोन, राग योग्य पत्त्यावर पाठवा. काउंटरवर शिव्या खाणारी मुलगी कंपनीची मालक नसते. बहुतेक वेळा तीही आपल्यासारख्याच घरातून आलेली, बारा तास उभी असलेली कामगार असते. अडकलेला विद्यार्थी आणि थकलेला कामगार एकमेकांवर ओरडत राहिले की मालक निवांत झोपतो. झोपेचा तेवढा हक्क मात्र त्याला कुणाकडे मागावा लागत नाही.

जय भीम!