डासाचीही लढाई

लहानपणी माझा धाकटा भाऊ हिवतापाने गेला. तेव्हापासून डास म्हणजे वैरी. पण परवा वाचताना कळले, हिवतापाचा जंतू डासालाही परकाच! अ‍ॅनाफिलिसची मादी रोग्याचे रक्त पिते, तेव्हा जंतू तिच्या जठराची भिंत भेदू पाहतात. तिच्या शरीरातले टीईपी-१ नावाचे प्रथिन त्यांना चिकटते आणि अनेकांचा नाश होतो. काहींभोवती तर काळे कवच चढते. मोजके निसटतात, तेच आपल्याला भोवतात. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरावर दिसले, ते असेच निसटलेले. म्हणून वाटते, डास मारण्याबरोबरच त्यांची ही प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या संशोधनालाही पैसा मिळावा. मच्छरदाणी मात्र मी सोडणार नाही. तुम्हाला काय वाटते?