हिरवी साखर आणि कोयत्याचा हिशेब

सध्या उद्योगजगतात ‘शाश्वत पुरवठादार’ या शब्दाचा मोठा बोलबाला आहे. माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवताना केवळ भाव आणि दर्जा पाहू नये. तो माल तयार होताना पाणी किती लागले, धूर किती निघाला आणि माणसांना कसे वागवले गेले, हेही पाहावे, असे व्यवस्थापनशास्त्र सांगते. या विचाराला आमचा विरोध नाही. उलट तो प्रामाणिकपणे राबवला गेला तर त्याचा सर्वाधिक फायदा आमच्याच माणसांना होईल. पण तो खरोखर राबवला जातो काय? उत्तर शोधायला दूर जायला नको. महाराष्ट्राची साखर पाहिली तरी पुरे.

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्यातील गावेच्या गावे रिकामी होतात. बौद्ध, मातंग, वंजारी, भटके-विमुक्त अशा समाजांतील भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मजुरी टनावर. आजारपणामुळे खाडा झाला की दंड. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जायचे. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली, १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. मग कर्जापोटी माणसाला पुन्हा पुन्हा जुंपणाऱ्या या पद्धतीला काय म्हणायचे?

या व्यवस्थेची सर्वात मोठी किंमत स्त्रिया मोजतात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. पाळीत फडावर ना आडोसा, ना संडास, ना पाणी. खाडा परवडत नाही. आणि दुखणे घेऊन गेलेल्या बाईला शस्त्रक्रियेचाच सल्ला मिळतो. याला योगायोग म्हणणारा एक तर भोळा असेल, नाही तर लबाड.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही कहाणी जगापुढे मांडली आणि कोका-कोला व पेप्सिको या बड्या ग्राहकांपर्यंत इथली साखर कशी पोहोचते, हेही दाखवले. अशा कंपन्यांकडे पुरवठादारांसाठी आचारसंहिता असते. उसासाठी ‘बोनसुक्रो’सारखे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही आहे. मग घोडे अडते कुठे? ते अडते कारखान्याच्या फाटकावर. गिऱ्हाईक कारखान्याकडे पाहते, कारखाना ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. कोयतेवाला कुणाचाच कामगार नसतो! ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याच्यावरचा अन्याय तपासणीच्या कागदावर येणार कसा?

आपल्याकडचे नियमही या फाटकाशीच थबकतात. ‘सेबी’ने २०२१ मध्ये आणलेल्या अहवाल पद्धतीत देशातील पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना सामाजिक आणि पर्यावरणीय माहिती देणे बंधनकारक झाले. त्यात एक चांगला प्रश्न आहे: वंचित, दुर्बल गटांतील पुरवठादारांना प्राधान्य देण्याचे तुमचे धोरण आहे काय, आणि एकूण खरेदीत त्यांचा वाटा किती? पण हा प्रश्न ऐच्छिक भागात टाकला आहे. बड्या कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीची माहिती देण्याची तरतूदही २०२५ मध्ये ऐच्छिक करून टाकली. ज्याला लपवायचे आहे त्याच्याच मर्जीवर सांगणे सोपवले, तर तो सांगेल कशाला?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाला तिच्या जबाबदारीतून पूर्ण मोकळे होता येणार नाही, अशी भूमिका घेतली होती. आज मालक एक नाही, साखळी आहे. म्हणून नफा जिथवर जातो, तिथवर जबाबदारीही गेली पाहिजे.

आणि सरकारने केवळ कंपन्यांना उपदेश करू नये, कारण ते स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. सरकारी तेल कंपन्या साखर कारखान्यांकडून इथेनॉल घेतात. उसापासूनच्या इथेनॉलचा भाव केंद्र सरकार ठरवते. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचा अभिमानही मिरवला गेला. मग ज्या कारखान्याच्या फडावर संडास नाही, त्याचे इथेनॉल ‘हरित’ कसे? खरेदीच्या करारात एक अट घालायला सरकारला कोण अडवते?

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक तोडणी कामगाराची नोंद कारखान्याच्या दप्तरी व्हावी. स्त्रीची वेगळी, आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात. तपासणी कचेरीत नव्हे तर फडावर, ऐन हंगामात, न कळवता व्हावी आणि बायकांशी मुकादमाच्या माघारी बोलणे व्हावे. दोष सापडला की गिऱ्हाइकाने पुरवठादार बदलून हात झटकू नयेत. तसे केल्यास कारखाना दुसरे गिऱ्हाईक शोधतो, मरतो तो मजूरच. सुधारणेला मुदत द्यावी, तिचा खर्च खरेदीच्या भावात धरावा आणि तरीही सुधारणा झाली नाही, तरच खरेदी थांबवावी. स्वस्त साखरही हवी आणि स्वच्छ प्रमाणपत्रही हवे, ही चलाखी चालणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, ती संघटनांच्या लढ्यामुळे. कुणाच्या हिरव्या अहवालामुळे नव्हे. हे चळवळीने विसरू नये. ‘शाश्वत’ हा शब्द कंपन्यांच्या हाती राहिला तर तो झाडांपुरताच उरेल. त्यात माणूस घालण्याचे काम आपल्यालाच, संघटित होऊन, करावे लागेल.