उंचावर हवा विरळ का?



मे 1998 मध्ये पुण्याच्या सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केलं. ते शिखर गाठणारे ते पहिले मराठी गिर्यारोहक. एवढ्या उंचीवर जाणारे बहुतेक जण पाठीवर ऑक्सिजनचा सिलिंडर नेतात. का बरं? वर्गात विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाई, तिथं झाडं नसतात ना!" उत्तर हुशारीचं आहे, पण बरोबर नाही. भर समुद्रात तरी कुठं झाडं असतात? तिथं नावाड्याला धाप लागते का?

आपल्या मुळशीत भाताची झोडणी झाली की पेंढ्याची गंजी रचतात. तिच्या तळातला पेंढा ओढून बघा. निघता निघत नाही. वरचं सगळं ओझं त्याच्यावर असतं ना! माथ्यावरचा पेंढा मात्र मोकळा. हवेचंही तस्संच. हवेला वजन असतं, बरं का! मीटरभर लांब, रुंद आणि उंच खोक्यात समुद्रकाठची जवळजवळ सव्वा किलो हवा मावते. ही हवा वरच्या साऱ्या हवेच्या ओझ्याखाली दाबलेली असते. जसजसं वर जावं तसतसं ओझं कमी होतं आणि हवेचे कण लांब लांब पसरतात. हीच विरळ हवा.

मग ऑक्सिजन? हवेच्या 100 भागांत तो सुमारे 21 भाग, मुळशीतही आणि एव्हरेस्टवरही. पण तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे वाटा तोच, ताटच लहान! 1978 मध्ये मेसनर आणि हाबेलर हे दोघं सिलिंडरशिवाय एव्हरेस्टवर गेले, पण तो अपवाद. आपलं कळसूबाई 1646 मीटर. तिथं धाप लागली, तर दोष हवेपेक्षा आपल्या पायांचाच जास्त!

करून पाहा : ताम्हिणी घाटाच्या माथ्यावर पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली घट्ट बंद करा. माणगावला उतरेपर्यंत ती थोडी चेपलेली दिसेल. कुणी चेपली, सांगा बरं?

पालकांसाठी दोन शब्द. हल्ली सुट्टीत पुष्कळ कुटुंबं विमानानं लेहला जातात. लेह आहे सुमारे 3500 मीटरवर. हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांश, आणि आपण तिथं काही तासांत पोहोचतो! शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन दिवस मुलांना पळापळ करू देऊ नका, स्वतःही करू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय असं मूल म्हणालं तर 'प्रवासाचा शीण' म्हणून सोडून देऊ नका. आणखी उंचावर तर मुळीच नेऊ नका. त्रास वाढला, तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली, तर ताबडतोब डॉक्टर गाठा आणि खाली उतरा.

आता तुमच्यासाठी कोडं : लेहमध्ये उघड्या पातेल्यात आपला आंबेमोहोर शिजता शिजत नाही. पाणी तर खळखळ उकळतंय! मग असं का? उत्तर पुढच्या अंकात.