नाल्याकाठचं बाळंतपण कोणत्या रकान्यात?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या. गाडी येते त्या रस्त्यापर्यंत तिला झोळीतूनच न्यायचं होतं. चौघांनी बांबू खांद्यावर घेतला. बरोबर आशा होती, मागून बॅटरी घेतलेली सासू. वाटेत नाल्याला पाणी होतं, आणि तिथेच बाळ जन्मलं. आशाने कोरड्या लुगड्यात बाळ गुंडाळून आईच्या पोटाशी दिलं. सकाळी दोघं सुखरूप दवाखान्यात पोचली.

पुढच्या बैठकीत आशाचा फॉर्म परत आला. प्रसूती संस्थेत झालेली नाही, सबब तीनशे रुपये नाहीत. तिने मला विचारलं, "ताई, नाल्याला संस्था म्हणून लिहू का?"

हसू नका. जगभर ज्याची वाहवा चालली आहे ते 'निकाल पाहून पैसे' हे धोरण आपल्या नंदुरबारात असं दिसतं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. आपल्या राज्यात खेड्यातल्या गरीब, दलित, आदिवासी बाईला दवाखान्यात बाळंत झाली तर सातशे रुपये. आशाला सहाशे: अर्धे तपासण्यांसाठी, अर्धे बाईला दवाखान्यात पोचवण्यासाठी. नाव 'स्वयंसेविका', म्हणजे पगार नाही, कामागणिक मोबदला. विडी वळणाऱ्या बाईला हजारी मजुरी मिळते, तसाच हा हिशेब. विडीवालीच्या मालात खोट काढून तो बाजूला टाकतात, इथे बाळ बाजूला टाकलं.

बाहेरच्या देशांतही हेच वारं आहे. जागतिक बँकेत २००७ साली नॉर्वेच्या, आणि पुढे ब्रिटनच्याही, पैशातून यासाठी खास निधी उभा राहिला. रवांडाने २००६ पासून दवाखान्यांना काम मोजून पैसे दिले. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, हे खरं. पण गरोदरपणात चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायका वाढल्या नाहीत. बाळंतपणाला दर मोठा होता, तपासणीला किरकोळ. जिथे पैसा, तिथे काम. राजस्थानात तर २०१८ मध्ये 'उत्कृष्ट' नावाचे रोखेच निघाले. परदेशी गुंतवणूकदाराने आधी पैसे घालायचे, निकाल लागला की देणगीदारांनी ते परताव्यासकट फेडायचे. निकाल कोणता? खासगी दवाखान्यांना मिळालेलं गुणवत्तेचं प्रमाणपत्र. किती आया वाचल्या, यावर पैसे ठरले नव्हते.

आपल्या पिढीला हे ओळखीचं वाटायला हवं. नसबंदीचं टार्गेट आपण विसरलो नाही. सरकारने १९९६ साली ती टार्गेटं काढली, त्यामागे बायकांच्या संघटनांची वर्षानुवर्षांची ओरड होती. तेव्हा केस आणा म्हणत होते, आता निकाल आणा म्हणतात.

घरचंच बाळंतपण चांगलं असा माझा हट्ट नाही. रक्तस्राव सुरू झाला की सुईणीचा हात पुरत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच विचारते, निकाल लावायचाच तर तो आशाचा का? नाल्यावर पूल न बांधणाऱ्याचा का नाही? डॉक्टरची रिकामी जागा न भरणाऱ्याचा, रक्ताची सोय न करणाऱ्याचा का नाही? सहाशे रुपयांची बाई मात्र नेमकी सापडते.

आणि जी बाई रकान्यातच येत नाही तिचं काय? दिवाळीनंतर सातपुड्यातली अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातेत जातात. गरोदर बाईही जाते, कारण कोयता जोडीने धरायचा असतो. तपासणी इथे, बाळंतपण तिथे, आधारवर नाव वेगळं, बँक खाल्ली तालुक्याला. मातृवंदना योजनेचे हप्ते नोंदणी, तपासणी, लसीकरण अशा पायऱ्यांवर टांगलेले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर बाईला किमान सहा हजार कबूल केले होते. सरकारी नोकरीत पगारी रजा मिळते तिचा तेवढा अपवाद. २०१७ साली योजना आली ती पहिल्याच बाळापुरती, पाच हजारांची. २०२२ पासून दुसऱ्या खेपेलाही पैसे मिळतात, पण मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा झाला तर बाईचं रक्त कमी जातं की काय?

आमचं मागणं असं. आशाला दरमहा ठरलेला पगार आणि कामगाराचा दर्जा द्या. २०२१ आणि २०२३ च्या संपांत राज्यातल्या आशांनी हेच मागितलं. बाळंतिणीचे पैसे कोणत्याही अटीशिवाय सातव्या महिन्याच्या आत तिच्या हातात द्या, म्हणजे ती कोयता ठेवून घरी बसू शकेल. आणि वाटेतली बाळंतपणं वेगळी मोजा, गावाच्या आणि नाल्याच्या नावानिशी.

तो फॉर्म आम्ही पुन्हा भरून पाठवला आहे. 'प्रसूतीचे ठिकाण' या रकान्यात नाल्याचं नाव आहे आणि पुढे कंसात 'पूल नाही' असं लिहिलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.