अकबर पदमसींनी चित्र उतरवलं नाही

जासई, उरण, पनवेल या पट्ट्यातल्या मुस्लिम घरात एखाद्या मुलीने किंवा मुलाने ‘मला चित्रकार व्हायचंय’ असं म्हटलं, तर दोन प्रश्न हमखास येतात. पोट कसं भरणार? आणि जरा दबक्या आवाजात, माणसांची चित्रं, पुतळे आपल्यात चालतात का? घराबाहेर तिसरा प्रश्न वाट पाहत असतो: ‘तुम्ही लोक असली चित्रं का काढता?’ पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना या तिसऱ्या प्रश्नाने देशाबाहेर नेलं. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तरी ते परतू शकले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

हुसेन यांची ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. अकबर पदमसींची मात्र फारशी ठाऊक नसते. तरुणांनी ती जाणून घ्यावी, असं मला वाटतं.

पदमसींचा जन्म १९२८ चा, मुंबईतल्या खोजा व्यापारी कुटुंबातला. वडिलांच्या दुकानातल्या हिशेबाच्या वह्यांत चित्रं काढत ते मोठे झाले. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १९५१ मध्ये सय्यद हैदर रझा यांच्या पाठोपाठ पॅरिसला गेले. १९५४ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांचं प्रदर्शन लागलं. त्यातल्या ‘लव्हर्स’ या दोन चित्रांत विवस्त्र स्त्री-पुरुष होते. पोलिसांनी ती उतरवायला सांगितलं. पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेचा खटला झाला, ते निर्दोष सुटले. सरकार अपिलात उच्च न्यायालयात गेलं, तिथेही हरलं. तेव्हा त्यांचं वय होतं जेमतेम सव्वीस.

दि. बा. पाटलांच्या जासईला नकाराची किंमत वेगळी सांगायला नको. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्धच्या १९८४ च्या आंदोलनात इथल्या पाच शेतकऱ्यांनी जीव दिला. पदमसींच्या नकाराची त्याच्याशी बरोबरी नाही. त्यांच्यामागे पैसेवालं घर होतं, हेही खरं. पण त्यांनी हक्क मागितला तो समाजाच्या नावाने नाही, एक नागरिक म्हणून. मला हे महत्त्वाचं वाटतं.

खटला जिंकल्यावर ते पुन्हा कामाला लागले. माणसाचं डोकं हा त्यांचा आयुष्यभराचा विषय ठरला: तैलरंगात, जलरंगात, कोळशाने आणि पुढे ब्राँझच्या शिल्पांतही. १९५९-६० च्या सुमारास रंग बाजूला ठेवून त्यांनी फक्त करड्या छटांत मोठी चित्रं केली. नेहरू फेलोशिप मिळाली, तेव्हा त्या पैशातून मुंबईत चित्रकार आणि सिनेमावाल्यांना एकत्र काम करता येईल अशी कार्यशाळा उभी केली. २०१० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २०२० मध्ये, ९१ व्या वर्षी, ते गेले.

तरी प्रकरण संपलं नाही. मुंबईच्या कस्टम्सने २०२३ मध्ये परदेशातून आलेली पदमसी आणि फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची सात कामं अश्लील ठरवून अडवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं, हे न्यायालयाला सत्तर वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं.

आता घरातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. प्रतिमांबद्दल इस्लामी परंपरेत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. मनाई मानणारे आहेत, तसे इराण आणि मोगल दरबारातले चित्रकारही आपलेच आहेत. शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमानही आपलेच. ज्याला चित्र काढायचं नाही त्याने काढू नये. पण ज्याला काढायचं आहे, त्याचा हात धरायचा अधिकार कुणालाही नाही.

याचा दुसरा अर्थही मान्य करायला हवा. पदमसींची चित्रं भिंतीवर राहावीत असं म्हणणाऱ्यांनी स्वतःला खटकणाऱ्या चित्रालाही तोच न्याय लावला पाहिजे. खटकलं तर लिहा, बोला, निषेध करा, पाठ फिरवा. धमकी आणि जमाव नको. हुसेन यांच्या बाबतीत जे चूक होतं, ते आपण केलं म्हणून बरोबर ठरत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. पदमसींच्या एका चित्राला २०१६ च्या लिलावात १९ कोटींहून जास्त किंमत आली. त्या आकड्यावर कुणी आयुष्य बेतू नये. जे.जे.ची प्रवेश परीक्षा, कला शिक्षकाची नोकरी, अॅनिमेशन, डिझाइन असे साधे रस्ते आहेत, त्यांची माहिती पालकांपर्यंत पोचवावी. आणि एखाद्या रविवारी मुलांना जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन जावं. तिथे तिकीट लागत नाही.