मोती कोणी टाकायचा?



हल्ली सप्ताहांतून एक परदेशी गोष्ट दृष्टांत म्हणून कानी येते. जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची ‘द पर्ल’ ही १९४७ सालची छोटी कादंबरी. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या किनो नावाच्या गरीब पाणबुड्याला अजोड मोती सापडतो. मागोमाग चोर, खून, पाठलाग. शेवटी तान्हं मूल गोळी लागून जातं आणि किनो मोती समुद्रात फेकतो. आमची तरुण मंडळी तात्पर्य सांगतात: गरिबाने हाव धरली, घर बुडालं; नामदेवरायांनी परीस चंद्रभागेत टाकला, तसा यानेही आधीच टाकायचा होता. टाळी पडते. मला हे तात्पर्य मान्य नाही.

गोष्ट नीट वाचा. किनोने मागितलं काय? रीतसर लग्न, धड कपडे, एक बंदूक आणि पोराला शाळा. पोराला अक्षर यावं ही हाव असेल, तर आपल्या नगर जिल्ह्यातलं एकही घर निर्दोष नाही. त्याच पोराला विंचू चावला तेव्हा पैसे नाहीत म्हणून डॉक्टरने दार उघडलं नाही. मोत्याची बातमी लागताच तोच पायी चालत झोपडीत आला. मोती घेणारे व्यापारी दिसायला निरनिराळे, पण सगळे एकाच धन्याचे नोकर. भाव आधीच ठरलेला.

आणि एक माणूस आहे, त्याचं नाव कीर्तनात कुणी काढत नाही. गावचा पाद्री. पूर्वी त्या लोकांनी मिळून मोती राजधानीला विकायला धाडले, नेणारा परतलाच नाही. पाद्री दरवर्षी प्रवचनात सांगतो, तुम्ही पायरी सोडलीत म्हणून देवाने शिक्षा केली. माउली, त्याच्या प्रवचनात आणि आपल्या तात्पर्यात फरक कोणता?

परिसाची कथा आपल्याच राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतीबुवांनी भक्तविजयात सांगितली आहे. तिथे नामदेवरायांनी परीस टाकला तो आपखुशीने. विठ्ठल लाभलेल्याला परीस हा खडाच. किनोने मोती टाकला तो लेकराचं प्रेत घरी आणल्यावर. या दोन टाकण्यांना एका माळेत ओवणं हा नामदेवरायांचा अपमान आहे.

तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ती बुडवणारा ऋणको नव्हता, सावकारी असलेल्या घरचा मुलगा होता. ज्याच्या मुठीत खतं, त्याने मूठ सोडली. ती ज्यांनी सोडली नाही, त्यांची खतं १८७५ साली पारनेर-श्रीगोंद्याकडच्या कुणब्यांनी हिसकावून जाळली. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात दख्खनेत कापसाला कधी नव्हे तो भाव आला, कर्जही सहज मिळालं. युद्ध सरलं, भाव बसला, कर्ज तेवढं राहिलं. सरकारला १८७९ साली कायदा करावा लागला. त्या कुणब्यांना कोणी हावरे म्हणेल काय?

संतांचं समाधान खोटं, असं मी म्हणत नाही. सत्तरी ओलांडलेल्या मला तेच हवं आहे. पण एखाद्या साली कांद्याला भाव लागून कुणी पत्रा काढून स्लॅब टाकला, की त्याला माज आला म्हणणारी जीभ आपली आणि समाधानाचा अभंगही आपल्याच तोंडी, हे मला सोसत नाही.

पुढच्या सप्ताहात ही गोष्ट सांगाल तेव्हा पाद्रीही सांगा, व्यापारीही सांगा. आणि सांगताना पहिल्या रांगेकडे पाहा, नारळ-उपरणं देऊन आपण कुणाला बसवलं आहे ते.