येळवसची भज्जी : वानोळ्याचा स्वयंपाक

मार्गशीर्ष सरत आला की बीदर-कलबुर्गीकडील मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते : "यंदा येळवसला कुणाच्या शेतात?" पंचांगातील मार्गशीर्ष अमावास्या ती हीच. कुणी तिला वेळ अमावास्या म्हणतात, कुणी येळवस. आपले कानडी शेजारी तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि या दिवसाच्या भाकरीवर तीळ हवेतच.

१९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. शिवाराच्या मधून राज्याची सीमा गेली; परंतु येळवस दोहों बाजूंना एकाच दिवशी, एकाच रीतीने होत राहिली. कडब्याची खोप उभारावी, तीत पाच दगड मांडून त्यांना पांडव मानून पूजावे, आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून पंगतीला बसवावे. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याला तर आधी बोलवायचे.

या पंगतीचा मुख्य पदार्थ भज्जी. तळलेली भजी निराळी. ही शिजवलेली दाट भाजी. काळ्या जमिनीतील ओलीवर रब्बीची ज्वारी पोटरीत आलेली असते, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, हरभरा खुडणीला आलेला असतो. अशा वेळी शिवारात जे जे हिरवे, ते ते एका पातेल्यात जाते. एकाच्या शेतात सारे क्वचितच असते. म्हणून कुणाकडून चाकवत येतो, कुणाकडून मटार. भज्जीचे साहित्य मुळी वानोळ्यातूनच जमते.

भज्जी (दहा-बारा माणसांसाठी)

*साहित्य :* तुरीचे ओले दाणे २ वाट्या, मटार, ओला हरभरा व वालाचे दाणे प्रत्येकी १ वाटी, भिजवलेले शेंगदाणे अर्धी वाटी, मेथी, चाकवत, पालक, कांद्याची पात व मिळाल्यास हरभऱ्याचा कोवळा पाला, प्रत्येकी एक लहान जुडी, २ गाजरे, ४ लहान वांगी, १ वाटी डाळीचे पीठ, लिंबाएवढी चिंच, ८-१० हिरव्या मिरच्या, बोटभर आले, दोन गड्डे लसूण, जिरे, मोहरी, हळद, मीठ, अर्धी वाटी तेल. आपल्याकडे पूर्वापार करडईचे तेल घालीत.

*कृती :* सर्व दाणे व शेंगदाणे थोड्या मिठाच्या पाण्यात बोटाने दबतील इतके शिजवावेत. गाजर व वांग्याच्या फोडी घालाव्यात आणि त्या मऊ झाल्यावर चिरलेल्या पालेभाज्या. चिंचेच्या कोळात पाणी मिसळून त्यात डाळीचे पीठ गुठळी न होऊ देता कालवावे व भाजीत हळूहळू ओतावे. मिरची, आले व एक गड्डा लसूण यांचे वाटण घालून मंद आचेवर ढवळत राहावे. पीठ तळाला लवकर लागते. पिठाचा कच्चा वास जाऊन भाजी पळीवरून जड पडू लागली की उरलेल्या लसणाची खमंग फोडणी वरून द्यावी. हरभऱ्याचा पाला मुळात आंबट असतो. तो घातल्यास चिंच निम्मीच घ्यावी.

आंबील

आदल्या रात्री १ वाटी ज्वारीचे पीठ २ वाट्या पाण्यात कालवून मातीच्या भांड्यात झाकून ठेवावे. सकाळी ४ वाट्या पाण्याला आधण आणून मीठ घालावे व आंबलेले पीठ ढवळीत ओतून पाच-सात मिनिटे शिजवावे. पूर्ण निवाल्यावर ३-४ वाट्या ताक, ठेचलेला लसूण, आले, जिरे व कोथिंबीर घालावी. गरम असताना ताक घातले तर ते फाटते.

बाजरीचे उंडे

२ वाट्या बाजरीच्या पिठात मीठ व २ चमचे तीळ घालून कढत पाण्याने मळावे, लिंबाएवढे गोळे करून वीस मिनिटे वाफवावेत. बाजरीचे पीठ दळून फार दिवस राहिले तर कडू होते. म्हणून दळण ताजेच हवे.

आता थोडे मनातले. बीदरजवळ कोळारच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी आहे. इतरत्र सोयाबीन पसरले, आणि ज्वारीच्या पाटाशेजारी जवस, करडई, वाल अशी चार पिके घेण्याची चाल मागे पडली. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. तथापि एकट्या तुरीने भज्जी होत नाही. पातेल्यातील एकेक दाणा कमी होतो, तेव्हा शिवारातील एकेक पीक आणि त्यासाठी ज्याच्याकडे हात पसरावा असे एकेक घर कमी झालेले असते. सारे साहित्य मंडईतून एका पिशवीत आणले तरी चव येईल. मात्र शेजारणीकडे मूठभर चाकवत मागण्याचे निमित्त राहणार नाही.

म्हणून हैदराबाद, बंगळूर वा इंदूर, जिथे आपण असाल तिथे, यंदा एवढे करावे. चार-पाच घरांनी आधीच ठरवून घ्यावे : प्रत्येकीने एक दाणा व एक पाला आणायचा, आंबील एकीकडे, उंडे दुसरीकडे, आणि भज्जी सर्वांनी मिळून एकाच पातेल्यात. गच्ची असो वा सार्वजनिक बाग, जेवण उघड्या आभाळाखाली व्हावे. ज्या घरी येळवस ठाऊक नाही असे एक तरी शेजारचे घर, मग ते कोणत्याही भाषेचे वा धर्माचे असो, पंगतीला असावे. मुलांना दाणे सोलायला बसवावे. तूर कोणती आणि वाल कोणता, हे त्यांना तेवढ्यात कळते.

ही अमावास्या डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत केव्हाही येते. पंचांग पाहून ठेवावे. भज्जी उरली तर दुसऱ्या दिवशी अधिकच मुरते. तीळ लावलेल्या बाजरीच्या कडक भाकरीबरोबर ती डब्यात घालून, जे पंगतीला येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पोहोचती करावी.